वर चार, एक खाली

ही हकीकत सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. म्हाताऱ्या माणसांची काळजी वस्तीनं कशी घ्यावी, या विषयावर मी उभं आयुष्य काढलं. भाषणं दिली, शिकवलं, सरकारी बैठकांमधून घसा कोरडा केला. दर वेळी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या दौलतगंजच्या एका गल्लीचं उदाहरण द्यायचो आणि दर वेळी ते अर्ध्यावर थांबवायचो. ऐकणारे खूश होऊन टाळ्या वाजवायचे. उरलेला अर्धा भाग कुणी विचारला नाही, मीही सांगितला नाही.

परवा समोरच्या बिऱ्हाडातल्या सुनेनं दार वाजवलं. मी एकटा राहतो, सिटी सेंटरमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. ही मुलगी ग्वाल्हेरचीच, मराठी घरातली, पण तिचं मराठी अर्ध्या वाक्यात हिंदीच्या रस्त्याला लागतं.

"काका, आम्ही सगळ्यांनी तय केलंय. मंगळवारी तुम्ही आमच्याकडे जेवायचं, बुधवारी वरच्या भाभींकडे. बाकीचे दिन भी हो जाएँगे. मना नाही करायचं."

"डबा पाठवणार का?" मी विचारलं.

"डबा कशाला? तुम्ही यायचं. दोन पावलं चालाल तरी. नाही आलात तर आम्हाला कळेल की तबियत बिघडली."

ही मुलगी माझं कुठलंही भाषण ऐकून आलेली नव्हती. तरी तिनं जे सांगितलं ते शब्दाशब्दाला तेच होतं, जे माझ्या विशीत मी त्या गल्लीत पाहिलं होतं आणि जे पाहून वेडा झालो होतो. त्या दिवशी दुपारी मला झोप लागली नाही. एखाद्या पोराला परीक्षेचा निकाल कळल्यावर होतं तसं काहीतरी झालं होतं. मग ठरवलं, या मंगळवारी तिच्या घरी पानावर बसायच्या आधी उरलेला अर्धा भाग लिहून टाकायचा.

ते दिवसच भारलेले होते. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला होता, आणि मध्यभारतही मोडून नवं मोठं राज्य होणार, भोपाळ राजधानी होणार हे ठरलं होतं. त्याआधी आमचं सरकार थंडीत ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असायचं. आता ते कायमचंच चाललं होतं. लष्कर भागातले लोक रुसून बसले होते. पण आम्ही तरुण मात्र हवेत होतो. काहीतरी नवं घडतंय आणि आपण त्यात आहोत, हे सकाळी डोळे उघडल्यापासून वाटायचं. मी आरोग्य खात्यात सर्वेक्षणाच्या कामावर लागलो होतो. वस्तीत फिरायचं, घराघरात आजारपणाची चौकशी करायची. आमचे साहेब डॉक्टर होते, जबलपूरकडचे, स्वच्छ मनाचे आणि तोंडाचे फटकळ. त्यांच्या डोक्यात एक प्रश्न होता, जो तेव्हा कुणीच विचारत नव्हतं. ते म्हणायचे, "बच्चों का सब सोचते हैं. जिस बूढ़े का कोई नहीं, वो जीता कैसे है? जाओ, देखकर आओ."

मी देखकर आलो ते थेट दौलतगंजच्या बाजारामागच्या त्या गल्लीत.

गल्लीत मराठी वस्ती होती, दक्षिणेतून, म्हणजे महाराष्ट्राकडून, दोन-तीन पिढ्यांपूर्वी आलेली. काही घरं पुजाऱ्यांची आणि दरबारातल्या कारकुनांची, काही शिपाईगड्यांची. एकटी राहणारी पाच-सहा म्हातारी माणसं तिथं होती. विलीनीकरणानंतर कुणाचं देवस्थानाचं वर्षासन थांबलं, कुणाची दरबारची चाकरी गेली. माझ्या हिशेबानं ती माणसं खंगलेली असायला हवी होती. प्रत्यक्षात ती सकाळी अकराच्या सुमाराला काठ्या टेकत, एकमेकांना हाका मारत गल्लीतून निघालेली मला दिसली.

"कुठं चाललात, आजोबा?" मी एकाला विचारलं.

"वारावर," तो म्हणाला. "आज बुधवार. बुधवारच्या घरी आमटी पातळ असते, पण सून हसतमुख आहे."

गरीब विद्यार्थ्यांनी वार लावून जेवायची आपली जुनी रीत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. इथं ती रीत म्हाताऱ्यांना लावली होती. हे ज्यांनी सुरू केलं त्यांना सगळे माई म्हणत. एका देवळाच्या पुजाऱ्याच्या त्या विधवा. त्यांचे यजमान लहानपणी दक्षिणेतून शिकायला आले तेव्हा वार लावूनच जेवले होते. वर्षासन थांबल्यावर माईंनी गल्लीतल्या बायकांना गोळा करून विचारलं होतं, "पोरांचे वार चालतात, मग म्हाताऱ्यांचे का नकोत? आमची भूक काय त्यांच्याहून जास्त आहे?"

नियम त्यांचेच. ताट घरी जाणार नाही, माणसानं चालत यायचं. आलं की निदान मटार सोलायचे, वाती वळायच्या, नाहीतर पोरांना रागवायचं. न आलं तर ज्या घरचा वार असेल त्या घरानं जाऊन बघायचं. एवढंच. आणि एवढ्यात सगळंच होतं. चालणं होतं, बोलणं होतं, रोज कुणीतरी तोंड पाहत होतं. डॉक्टरसाहेबांच्या पुस्तकांत जे मोठमोठ्या शब्दांत लिहिलं होतं ते या बायकांनी कधीच ठरवून टाकलं होतं.

माई राहायच्या सुभेदारांच्या घरी. सुभेदार म्हणजे दरबारच्या फौजेतले गृहस्थ. फौज विलीन झाली तेव्हा ते घरी बसले. मिशा अजून फौजेतल्याच होत्या. घर त्यांच्या मालकीचं. वर चार खोल्या, तिथं ते, बायको आणि मुलगा. जिन्याच्या पायथ्याशी एक खोली, ती त्यांनी माईंना राहायला दिली होती. भाडं नव्हतं, त्यामुळे पावतीही नव्हती. शुक्रवार सुभेदारांच्या घरचा. माई सोवळ्यातल्या. सुरुवातीला त्या शुक्रवारी वर न जाता स्वतःचं स्वतः शिजवायच्या. एका शुक्रवारी सुभेदार जिन्यात उभे राहून म्हणाले, "माई, नियम तुम्हीच केलात. न आलं तर घरानं येऊन बघायचं. मी आता दर शुक्रवारी खाली येऊन बघणार, माई मेल्या की आहेत."

"मेले तर तुम्हाला आधी कळवीन," माई म्हणाल्या आणि वर जाऊन पानावर बसल्या. गल्लीत ही मोठी बातमी झाली. नंतर काही सोवळी घरं चार दिवस कुरकुरली, पण माईंपुढे कुणाचं चाललं नाही.

हे सगळं कळल्यावर मी गल्लीतून ऑफिसपर्यंत जवळजवळ पळत गेलो. साहेबांच्या खोलीत घुसलो आणि एका दमात म्हणालो, "साहब, उस गली में सब बूढ़ों पर वार लगे हुए हैं."

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "वार? किसने किया? पुलिस को खबर दी?"

खोलीतले सगळे हसून लोटपोट. हिंदीत वार म्हणजे घाव, हे मला काय ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. पण आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी माणसांचं असंच असतं. दोन्ही भाषा येतात, आणि घाईत एकीचा शब्द दुसरीच्या वाक्यात जाऊन बसतो. मी सगळं समजावून सांगितल्यावर साहेबांचे डोळे चमकले. त्यांनी मला समोर बसवलं, चहा मागवला. म्हणाले, "यही चाहिए था. ये चीज़ नई राजधानी में दिखानी है. मैं भोपाल एक ही आदमी ले जा सकता हूँ. तुम तैयारी करो." दाराशी गेलो तेव्हा मागून हसत म्हणाले, "बस हिंदी पक्की कर लो भाई, वरना वहाँ भी खून-खराबा करवा दोगे."

तेव्हापासून ऑफिसात मी आलो की कुणीतरी विचारायचंच, "क्यों, आज किस पर वार हुआ?" मी हसायचो. आतून मात्र चरफडायचो. भोपाळ डोळ्यांपुढे नाचत होतं आणि आपण भाषेवरून मागं राहू ही एकच धास्ती होती.

पुढचे काही आठवडे मी त्या गल्लीतच राहिल्यासारखा होतो. प्रत्येक घरी जायचं, कोण चालतं, कोण किती जेवतं, कोणाला कोण बघतं, सगळं विचारायचं. सुभेदारांनी मला घर दाखवलं. जिन्यात उभं राहून हात वर-खाली करत म्हणाले, "वर चार, खाली एक. लिहून घ्या, साहेब." मी त्यांच्या नातवाच्या वयाचा नसेन, पण मुलाच्या वयाचा होतो. तरी ते मला साहेब म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

त्याच सुमाराला एका दुपारी साहेबांनी मला बोलावलं. राजधानी गेली तरी बदल्यात काही मोठी ऑफिसं ग्वाल्हेरला मिळणार होती, त्यांचे नोकर बाहेरून येणार होते. त्यांच्यासाठी घरं शोधणारे एक अधिकारी साहेबांकडे चहाला बसले होते. साहेब कौतुकानं म्हणाले, "इनको भी सुनाओ, अपनी माई का किस्सा."

मी सुरू झालो. त्या दिवशी मी फार छान बोलत होतो, हे मला बोलता बोलताच जाणवत होतं. वार, पानं, शुक्रवार, जिना. त्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "मकान कितना बड़ा है उनका?"

मी म्हणालो, "ऊपर चार कमरे हैं, एक खाली." आणि पुढं धावलो.

"कौन-सा मकान हुआ ये?" त्यांनी पुन्हा विचारलं. मला वाटलं, माझ्या कामात यांना रस आहे. मी गल्ली सांगितली, वळण सांगितलं, दाराचा निळा रंगसुद्धा सांगितला. किती आनंदानं सांगितलं ते आठवलं की अजून कान गरम होतात.

काही दिवसांनी मी गल्लीत गेलो तर सुभेदारांच्या दाराशी माणसं जमली होती. घरवाटपाच्या खात्याचा एक कारकून हुकूम घेऊन आला होता. घरातली एक खोली रिकामी असल्यामुळे ती बाहेरून आलेल्या एका सरकारी नोकराला दिली आहे, असं तो वाचून दाखवत होता आणि जिन्याच्या पायथ्याच्या खोलीकडे बोट करत होता. माई दारात बसून शेंगा निवडत होत्या.

"रिकामी कशी?" सुभेदार म्हणाले. "ये बैठी हैं न, सामने."

"किराये की रसीद दिखाइए."

"किराया नहीं लेता मैं."

"वही तो. हुकूम आया तो बुढ़िया को बिठा दिया. रोज देखते हैं हम ये तमाशे."

सुभेदारांचा चेहरा लाल झाला. माईंनी शेंगांवरून मान वर केली. "अहो, मला कुणी बसवलं नाही. माझी मी बसले आहे, तुमच्या जन्माच्या आधीपासून."

दोघं-तिघं हसले. कारकूनही थोडा वरमला. पण त्याच्याकडे हुकूम होता. तो म्हणाला, "अम्मा, मैं क्या करूँ? सर्वे वालों ने खुद बताया है. ऊपर चार, एक खाली."

त्या क्षणी मला कळलं. मराठीत खाली म्हणजे तळाला. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. मी मराठी शब्द हिंदी वाक्यात ठेवून दिला होता आणि तो शब्द आता माईंच्या दारात येऊन उभा होता.

गर्दीतून एका बाईनं विचारलं, "सर्वेवाल्यांना कुणी सांगितलं असं?"

सगळ्यांचे डोळे सुभेदारांकडे वळले. घराची माहिती मी त्यांच्याकडूनच घेतली होती, हे गल्लीला ठाऊक होतं. सुभेदार सरळ माणूस. ते म्हणाले, "मी सांगितलं होतं. वर चार, खाली एक. असंच म्हणालो होतो मी. पण त्याचा अर्थ..." आणि ते माझ्याकडे वळले. "साहेब, तुम्ही होतात ना तिथं. जिन्यात. सांगा यांना मी कसं म्हणालो ते."

एक वाक्य पुरलं असतं. "खाली माने नीचे, गलती मेरी है." कारकून हसला असता, हुकूम परत गेला असता. तो ऑफिसात जाऊन सांगणार, साहेबांच्या खोलीत पुन्हा हशा पिकणार, आणि भोपाळला जाणारा एकच माणूस कुणीतरी दुसरा असणार, हे सगळं माझ्या डोक्यात एकदम उभं राहिलं.

मी म्हणालो, "मुझे ठीक से याद नहीं."

हिंदीत म्हणालो. मराठीत ते मला म्हणवलं नसतं.

सुभेदार माझ्याकडे बघत राहिले. माझी त्यांना कीव आली असावी असं आज वाटतं, तेव्हा नजर उचलायची हिंमत झाली नाही. गल्लीनं अर्थ लावायचा तो लावला. सरकारी भाडेकरू म्हणजे पक्कं भाडं, म्हणून सुभेदारांनी म्हातारीला वाटेला लावलं. माईंनी त्यांना एकदाच विचारलं, "सुभेदार, तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं, माई. पण तसं नाही."

"बरं," माई म्हणाल्या. त्यांचा एक भाचा शहराच्या दुसऱ्या टोकाला हजिऱ्याला राहायचा, गिरणीत कामाला होता. तो टांगा घेऊन आला. वळकटी, देवांची पेटी आणि एक पितळी डबा. टांग्यात बसताना त्यांनी गल्लीतल्या सुनांना बजावलं, "माझा शुक्रवारचा वार रिकामा ठेवू नका. कुणाला तरी द्या."

वार कुणालाच दिला गेला नाही. सुभेदारांच्या घरी जेवायला यायला म्हातारी माणसं कचरू लागली. एक शुक्रवार गळाला, मग त्यावरून घराघरांत बोलाचाली झाल्या, मग दुसरे वारही गळाले. मी तोवर भोपाळला पोचलो होतो. नवी राजधानी, नवं खातं, टेकडीवरच्या बैठका. तिथं मी दौलतगंजच्या वारांची कहाणी सांगितली आणि ती सगळ्यांना फार आवडली. साहेबांनी माझी पाठ थोपटली. त्या दिवसांतला आनंद खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही. तो खराच होता. माझ्या कहाणीवरून चार गावांत म्हाताऱ्यांसाठी काही ना काही सुरू झालं. ज्या गल्लीत ते मुळात होतं तिथं मात्र ते माझ्यामुळे थांबलं होतं.

एकदा सुट्टीत हजिऱ्याला जाऊन माईंना भेटलो. भाचा चांगला माणूस होता, दोन वेळा ताट त्यांच्या खाटेपाशी आणून ठेवायचा. त्यांना चालावं लागत नव्हतं, म्हणून त्यांचं चालणं सुटलं होतं. बोलायला दिवसभर कुणी नव्हतं. मला बघून त्या खुलल्या.

"शुक्रवार कुणाला दिला रे?"

"दिलाय, माई. सगळं चालू आहे."

"आणि सुभेदार? जेवतात ना लोक त्यांच्याकडे?"

"हो," मी म्हणालो.

"मग झालं. मला वाटायचं, लोक उगाच त्यांच्यावर डूख धरतील. तो माणूस तसा नाही." पुढच्या थंडीत त्या गेल्याचं मला पत्रानं कळलं.

हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, मराठीत संशोधन म्हणजे शोध घेणं. मी जन्मभर संशोधन केलं, तेव्हा फक्त मराठीतलंच केलं.

निवृत्त होऊन ग्वाल्हेरला परतलो त्या महिन्यातच दौलतगंजला गेलो. वाक्य पाठ करून गेलो होतो. निळं दार तसंच होतं, रंग फक्त उडाला होता. सुभेदार वर एकटे होते. बायको गेली होती, मुलगा बाहेरगावी. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. जिन्याच्या पायथ्याची खोली उघडीच होती, आत काही नव्हतं. सरकारी नोकर बदली होऊन गेल्यावर त्यांनी ती कुणालाच दिली नव्हती. आता ती दोन्ही भाषांत खाली होती.

त्यांनी मला लगेच ओळखलं. "या, साहेब. बसा. आज वार कोणता?"

"शुक्रवार," मी म्हणालो. ठरवून आलो नव्हतो.

"मग जेवूनच जा. आमच्याकडचा वार आहे." ते हसले आणि भिंतीचा आधार घेत आत गेले. डब्यातली पोळी त्यांनी दोन ताटांत वाढली, लोणचं काढलं, पाणी ठेवलं. मी जेवलो. बोलायला तोंड उघडलं की ते म्हणायचे, "आधी जेवा." जेवण झाल्यावर म्हणाले, "किती वर्षांनी कुणीतरी वाराला आलं," आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पसरला की माझ्याच्यानं तो विझवला गेला नाही. पुढच्या शुक्रवारी सांगू, असं म्हणत मी जिना उतरलो. पुढच्या शुक्रवारी दाराला कुलूप होतं. मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला होता. थोड्याच महिन्यांत तिकडेच ते वारले.

ते वाक्य अजून पाठ आहे. उद्या मंगळवार. समोरच्या घरी जायच्या आधी ते इथं उतरवून ठेवतो.

सुभेदारकाका, त्या दिवशी तुम्ही बरोबरच बोलला होतात. वर चार, खाली एक. खाली म्हणजे जिन्याच्या पायथ्याशी, जिथं माई राहत होत्या. तुम्ही ते जिन्यात उभं राहून, हातानं दाखवून सांगितलं होतंत. चूक माझ्या तोंडून झाली होती. मला सगळं नीट आठवत होतं, काका. मला माफ करा.